दूरनियंत्रणाचा स्फटिक हौशी माणसाने स्वतः बदलावा काय?

यवतमाळ जिल्ह्याच्या शिवारात दूरनियंत्रणाने चालणारे यंत्र ही आता केवळ खेळण्यातली गोष्ट राहिलेली नाही. २०१७ च्या खरीप हंगामात कापसावर कीटकनाशके फवारताना झालेल्या विषबाधेने या जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. फवारणारा माणूस आणि औषधाचे तुषार यांच्यात अंतर कसे ठेवता येईल, हा प्रश्न त्या वर्षाने ऐरणीवर आणला. ड्रोनच्या साहाय्याने फवारणी हा त्यावरील एक मार्ग असून त्यासाठीची कार्यपद्धती केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केली.

ड्रोन हवेत राहतो तो पंख्यांच्या बळावर. परंतु तो आज्ञेत राहतो तो रेडिओलहरींच्या बळावर. बांधावर उभ्या असलेल्या चालकाच्या हातातील पेटी आणि उभ्या पिकावरील यंत्र यांच्यामधील हा अदृश्य दोर तुटला, तर पुढे काय होईल ते सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही. या दोराची ओळख पुष्कळांना प्रथम होते ती छंदातून : विमानाची वा मोटारीची प्रतिकृती, जुना दूरनियंत्रण संच, आणि त्या संचाच्या पाठीवरील एका खाचेत बसवलेला दोन पायांचा, बोटाच्या पेराएवढा धातूचा डबा. हाच स्फटिक, बाजारात त्याला क्रिस्टल म्हणतात. तो उपसून दुसरा बसवला की संचाची लहर बदलते. इतके सोपे काम असल्यामुळेच हौशी माणसाला प्रश्न पडतो की, हे आपण स्वतः करावे की करू नये?

उत्तर एका शब्दात देता येत नाही. उत्पादकाने बदलण्यासाठीच ठेवलेल्या खाचेत, त्याच संचासाठी बनवलेला, त्याच मोकळ्या पट्ट्यातील दुसरा स्फटिक बसवणे ही एक गोष्ट; आणि पेटी उघडून, डाग देऊन, हाती लागेल तो स्फटिक बसवणे ही अगदी वेगळी गोष्ट. पहिली समजून-उमजून करता येते. दुसरी करणाऱ्याजवळ त्यासाठीचा परवाना आणि मोजमापाची साधने दोन्ही हवीत. हा भेद कशामुळे पडतो, हे समजण्यासाठी त्या डब्यात काय असते ते पाहावे लागेल.

डब्यातील चकती

डब्यात क्वार्ट्झ या खनिजाची एक पातळ चकती असते. क्वार्ट्झवर दाब पडला की त्यावर विद्युत्भार निर्माण होतो, हा गुण प्येर आणि झाक या क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला. याच्या उलटही घडते : चकतीला विद्युत्दाब दिला की ती किंचित आकुंचन-प्रसरण पावते. योग्य मंडलात बसवलेली चकती अशी अखंड थरथरत राहते आणि दर सेकंदाला ती किती वेळा थरथरावी, म्हणजे तिची कंप्रता किती असावी, हे मुख्यतः तिच्या जाडीवरून ठरते. अमेरिकेतील वॉल्टर केडी यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी या गुणाचा उपयोग रेडिओलहरी स्थिर ठेवण्यासाठी केला आणि तेव्हापासून बिनतारी यंत्रांना जणू नाडीच मिळाली.

मनगटावरील क्वार्ट्झ घड्याळ हे याचे घरोघरचे उदाहरण होय. त्यातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. या संख्येचे पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक उरतो आणि सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो. दूरनियंत्रणाचा स्फटिक याच जातीचा, पण कितीतरी चपळ. सत्तावीस मेगाहर्ट्झच्या संचातील चकती पुष्कळदा मूळच्या नऊ मेगाहर्ट्झची असते आणि मंडल तिला तिच्या तिप्पट कंप्रतेवर चालवते. नऊ मेगाहर्ट्झची चकती मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही पातळ भरते. म्हणून असा संच फरशीवर पडला, तर बाहेरून ओरखडाही न दिसता आतील चकतीला तडा गेलेला असू शकतो. पडलेला स्फटिक विमानात पुन्हा बसवू नये, असे जाणकार सांगतात ते याच कारणाने.

तिपटीची ही गोष्ट नवख्याला चकवते. डब्यावर सत्तावीसचा आकडा असला, तरी दुसऱ्या प्रकारच्या मंडलात तोच स्फटिक नवावर कंप पावू शकतो. काही ट्रान्समीटरमध्ये स्फटिकाची कंप्रता पुढे दुप्पट वा तिप्पट करून मगच ती अँटेनाकडे पाठवतात. म्हणजे डब्यावर छापलेला आकडा हा त्या एका बनावटीच्या संचापुरता खरा असतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जुळता आकडा दिसला म्हणून आणलेला स्फटिक आपल्या पेटीत काय करील, हे आकड्यावरून कळत नाही. ते कंप्रतामापकावरच कळते.

४५५ चा हिशेब

ट्रान्समीटर आणि विमानातील रिसीव्हर यांचे स्फटिक जोडीने येतात. पण जोडीतील दोघे सारखे नसतात. याचा उलगडा जुन्या घरगुती रेडिओवरून चांगला होतो. १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालेले आकाशवाणीचे नागपूर केंद्र विदर्भात मध्यम लहरींवर ५८५ किलोहर्ट्झला लागत असे. श्रोत्याने रेडिओचा काटा ५८५ वर आणला की रेडिओच्या पोटात १,०४० किलोहर्ट्झची एक लहर तयार होत असे. या दोहोंतील फरक ४५५. केंद्र कोणतेही लावले तरी फरक तोच राहील, अशी योजना केलेली असते. त्यामुळे पुढची सर्व मंडले त्या एका कंप्रतेसाठी बारकाईने जुळवून ठेवता येतात.

दूरनियंत्रणाच्या साध्या रिसीव्हरातही हाच ४५५ चा हिशेब चालतो. फक्त तेथे काटा फिरवण्याऐवजी स्फटिक बसवतात आणि त्याची कंप्रता ट्रान्समीटरपेक्षा ४५५ किलोहर्ट्झने कमी ठेवतात. सत्तावीस मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जगभर सहा ठिकाणे रूढ झाली असून त्यांना रंगांची नावे आहेत : तपकिरी २६.९९५, तांबडा २७.०४५, नारिंगी २७.०९५, पिवळा २७.१४५, हिरवा २७.१९५ आणि निळा २७.२५५ मेगाहर्ट्झ. पिवळ्या जोडीतील ट्रान्समीटरच्या स्फटिकावर २७.१४५ आणि रिसीव्हरच्या स्फटिकावर २६.६९० असे लिहिलेले आढळेल. दोन्ही डबे दिसायला जुळ्या भावांसारखे आणि पायही सारखे. ओळख पटवणारी अक्षरे मात्र झिजलेली असतात.

आता समजा, घाईत ही अदलाबदल झाली. विमान हलले नाही म्हणून माणूस बॅटरी तपासतो, तारा चाचपतो, मोटारीला दोष देतो. पण त्या अवधीत त्याचा ट्रान्समीटर गप्प बसलेला नसतो, तो २६.६९० मेगाहर्ट्झवर लहरी सोडत असतो. ही साधी चूक कायद्याच्या दृष्टीने कोठे जाऊन पोहोचते, ते पुढील भागावरून दिसेल.

परवाना पेटीला नसून लहरीला

भारतात बिनतारी यंत्र बाळगणे ही दीर्घकाळ परवान्याची बाब राहिली आहे. एके काळी साध्या रेडिओसाठीही पोस्टात शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. तो १९८० च्या दशकात रद्द झाला. लहरी सोडणाऱ्या यंत्राचे प्रकरण अधिक कडक होते. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाने विनापरवाना यंत्र बाळगण्यास मनाई केली आणि बिनतारी ट्रान्समीटर विनापरवाना बाळगल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद पुढे त्यात आली. १८८५ चा तारायंत्र अधिनियम आणि हा १९३३ चा अधिनियम यांची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये दूरसंचार अधिनियम संमत केला आणि २०२४ पासून त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. त्यातही मूळ तत्त्व कायम आहे : रेडिओ उपकरण बाळगण्यास शासनाचे प्राधिकारपत्र हवे, आणि शासन ज्यांना सूट देईल त्यांना ते नको.

हौशी माणसाचा सारा खेळ या सुटीवर चालतो. २००५ मध्ये केंद्र शासनाने २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. सूट सरसकट नाही. प्रक्षेपणाची शक्ती पाच वॉटपेक्षा अधिक नसावी, अँटेना उपकरणाचाच भाग असावा, उपकरण मान्यताप्राप्त प्रकाराचे असावे, आणि परवानाधारक यंत्रणेला अडथळा झाल्यास वापरणाऱ्याने माघार घ्यावी, अशा तिच्या अटी आहेत. दुसऱ्याने आपल्याला अडथळा केला, तर मात्र संरक्षण मागता येत नाही. मोकळ्या पट्ट्यातील रहिवासाचा हा नेहमीचा करार होय.

वर दिलेले सहाही रंग या पट्ट्यात बसतात. तपकिरी खालच्या सीमेपासून ३८ किलोहर्ट्झ आत आहे, निळा वरच्या सीमेपासून २८ किलोहर्ट्झ आत. परंतु रिसीव्हरच्या स्फटिकांचे आकडे पाहिले, तर २६.५४० पासून २६.८०० पर्यंतचे सहाच्या सहा पट्ट्याच्या बाहेर पडतात. म्हणजे अदलाबदल कोणत्याही रंगाची झाली, तरी ट्रान्समीटर सुटीच्या कुंपणाबाहेरच जातो. पिवळ्याच्या बाबतीत तब्बल २६७ किलोहर्ट्झने. त्या क्षणी त्या पेटीला लागू असलेली सूट संपते. पेटी तीच, माणूस तोच, मैदान तेच. बदलली ती फक्त लहर. सूट पेटीला दिलेली नसते, विशिष्ट अटींत राहणाऱ्या लहरीला दिलेली असते, हा या विषयातील गाभ्याचा मुद्दा आहे आणि पुष्कळ हौशी मंडळींच्या ध्यानात नेमका तोच येत नाही. ‘संच विकत घेतला, पावती आहे, मग आत काहीही करू’ हा समज घरातील पंख्याच्या बाबतीत चालेल. ट्रान्समीटरच्या बाबतीत चालत नाही.

पाच वॉट आणि जोडलेला अँटेना या अटींचेही तसेच. पल्ला वाढावा म्हणून गच्चीवर लांब तार टाकणे किंवा शक्तिवर्धक जोडणे हे स्फटिक न बदलताही सुटीबाहेर जाणे आहे.

पेटी उघडली तर काय होते

उत्पादकाने बाहेरून खाच ठेवलेली असते, तेव्हा त्याच्या पट्ट्यातील सर्व स्फटिकांवर संच नीट चालेल असे पाहूनच मंडले जुळवलेली असतात. पेटी उघडून केलेल्या बदलाला हा आधार नसतो. ट्रान्समीटरमधील तारांची वेटोळी आणि धारित्रे ठरावीक कंप्रतेसाठी जुळवलेली असतात. स्फटिक दूरच्या कंप्रतेचा बसवला तर शक्ती घटते, आणि ती परत मिळवण्यासाठी कोणी पेचकसाने वेटोळ्यांची गाभ्याची मळसूत्रे फिरवू लागला की मूळ लहरीच्या दुप्पट-तिप्पट कंप्रतेच्या नको त्या लहरीही बाहेर पडू लागतात. सत्तावीसची तिप्पट एक्क्याऐंशी, चौपट एकशे आठ. शेवटचा आकडा एफएम रेडिओच्या पट्ट्याचे वरचे टोक आहे आणि त्याच्या लगतच वरच्या बाजूला विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा सुरू होतो. संच चालतो आहे, विमानही उडते आहे, म्हणून सर्व ठीक आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. शेजाऱ्याच्या रेडिओत काय चालले आहे, हे मैदानावरून दिसत नाही.

इतर देशांनी या प्रश्नावर वेगवेगळी उत्तरे दिली. अमेरिकेत विमानप्रतिकृतींसाठी ७२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ११ ते ६० अशा पन्नास वाहिन्या, एकमेकींपासून केवळ २० किलोहर्ट्झ अंतरावर, दिल्या गेल्या. इतक्या दाटीत थोडेही घसरणे परवडत नाही. म्हणून तेथील नियमांनी वापरणाऱ्याला ट्रान्समीटरमध्ये अंतर्गत बदल करण्यास मनाई केली. ज्या पट्ट्यात दुरुस्ती लागेल, तेथे ती तांत्रिक पात्रता असलेल्या व्यक्तीने वा तिच्या देखरेखीखाली करावी, आणि मान्यता घेताना संचाबरोबरच दाखल केलेले बदलते भाग मात्र वापरणाऱ्याने बदलले तरी चालतील, अशी विभागणी केली. रिसीव्हर लहरी सोडण्यासाठी नसतो, त्यामुळे त्याच्या स्फटिकाबद्दल इतकी काटेकोर भूमिका नव्हती. ब्रिटनमध्ये ३५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाहिन्यांमधील अंतर याहूनही कमी, १० किलोहर्ट्झ. तरीही तेथील हौशी मंडळी मैदानावर स्वतः स्फटिक बदलत आली. कारण संच त्यासाठीच बनवलेले असत आणि उत्पादकाने नेमून दिलेलेच स्फटिक वापरण्याची शिस्त रूढ होती. एकाच प्रश्नाला दोन देशांत दोन उत्तरे मिळाली, त्याचे कारण स्फटिकात नसून त्याभोवतीच्या व्यवस्थेत आहे.

येथे एक सूचना आवश्यक आहे. परदेशातील नातलगाने आणून दिलेला ७२ किंवा ३५ मेगाहर्ट्झचा संच भारतातील २००५ च्या सत्तावीस मेगाहर्ट्झच्या सुटीत बसत नाही. तो तेथे कायदेशीर होता म्हणून येथेही असेल असे मानू नये. दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा १९५२ पासून या विषयाचे काम पाहते. असा संच चालू करण्यापूर्वी तिच्याकडून खुलासा करून घ्यावा.

खुंटीचा फळा

कायदा बाजूला ठेवला, तरी मैदानावरची वस्तुस्थिती उरतेच. दोन संच एकाच कंप्रतेवर चालू झाले, तर रिसीव्हरला दोन्ही आज्ञा एकदम ऐकू येतात. जुन्या प्रकारच्या संचात नियंत्रक मोटारी थरथरू लागतात. एफएम प्रकारच्या संचात अधिक बलवान लहर दुसरीला दाबून टाकते आणि विमान भलत्याच्याच आज्ञा पाळू लागते. दोन किलो वजनाची प्रतिकृती ताशी ६० किलोमीटर वेगाने येऊन धडकली, तर तो आघात तेवढेच वजन सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजली इमारतीवरून पडल्याइतका असतो. यवतमाळच्या पोस्टल मैदानासारख्या वर्दळीच्या जागी हा प्रयोग का करू नये, हे यावरून स्पष्ट व्हावे.

यावर प्रतिकृतिकारांच्या मंडळांनी शोधलेला उपाय अगदी साधा होता. मैदानाच्या प्रवेशापाशी एक फळा. त्यावर प्रत्येक कंप्रतेची एक खुंटी. ज्याच्या हाती ती खुंटी, त्यानेच आपला ट्रान्समीटर सुरू करावयाचा. अँटेनाला त्या-त्या रंगाची फीत बांधावयाची, म्हणजे दुरूनही ओळख पटते. स्फटिक बदलणारा माणूस या व्यवस्थेला गुपचूप छेद देतो. पिवळी फीत तशीच ठेवून त्याने आत हिरवा स्फटिक बसवला, तर फळा खोटा ठरतो आणि हिरवी खुंटी घेऊन विमान उडवणाऱ्या दुसऱ्याच माणसाला त्याचे मोल मोजावे लागते. म्हणून स्फटिक बदलावयाचा तर फीत आणि खुंटीही बदलली पाहिजे; जोडीतील दोन्ही स्फटिक एकदम बदलले पाहिजेत; त्यांवरील बनावट, प्रकार आणि बाजू ही तिन्ही ताडून पाहिली पाहिजेत. दुहेरी रूपांतराच्या रिसीव्हरात ४५५ चा हिशेब लागू होत नाही, तेथे पहिला फरक बहुधा १०.७ मेगाहर्ट्झचा असतो. त्याचा स्फटिक साध्या रिसीव्हरात चालणार नाही. बदलानंतर विमान जमिनीवर धरून, ट्रान्समीटरचा अँटेना मिटवून, तीस-चाळीस पावले दूर जाऊन सर्व नियंत्रणे तपासल्याखेरीज उड्डाण करू नये.

ज्या शाळकरी मुलाला या भानगडीत पडावयाचे नाही, त्याने निराश होण्याचे कारण नाही. दोन बारीक पोलादी तारांच्या टोकाला गोल-गोल फिरणारे विमान राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत शिकवले जाते. त्यात रेडिओ नाही, स्फटिक नाही आणि परवान्याचा प्रश्नही नाही. उड्डाणाचे बहुतेक धडे मात्र त्यात मिळतात.

एका वाघाची कंप्रता

प्रत्येकाला आपली स्वतंत्र लहर असली पाहिजे, याचे एक उदाहरण याच जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्याने दिले आहे. पांढरकवड्याजवळच्या या जंगलातील एका तरुण वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओपट्टा बांधण्यात आला. नवे राहण्याचे ठिकाण शोधत हा वाघ महाराष्ट्र व तेलंगणातून तीन हजार किलोमीटरहून अधिक चालला आणि वर्षाच्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. ‘वॉकर’ या नावाने तो देशभर ओळखला गेला. अशा पट्ट्यात उपग्रहाच्या साहाय्याने ठिकाण नोंदणाऱ्या यंत्राबरोबरच रेडिओचे ठोके देणारा छोटा ट्रान्समीटरही असतो आणि दिशादर्शी अँटेना हाती घेऊन फिरणारे पथक त्या ठोक्यांचा माग काढते. एका जंगलात दोन वाघांच्या पट्ट्यांची कंप्रता एकच ठेवली, तर कोणता ठोका कोणाचा हे कळणार नाही. तेथे कंप्रता नेमून देण्याचे काम कोणी हौसेवर सोडत नाही.

स्फटिक गेला, प्रश्न राहिला

गेल्या काही वर्षांत छंदाचे बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्झवर गेले. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टाही भारतात जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्यात ट्रान्समीटरची शक्ती एक वॉटपर्यंत आणि अँटेनाचा लाभ धरून चार वॉटपर्यंत मर्यादित आहे. या संचात बदलता स्फटिक नाही. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांची एकदा ओळख करून दिली की ते सेकंदात अनेक वेळा एका कंप्रतेवरून दुसरीवर उड्या मारतात, आणि अनोळखी ट्रान्समीटरच्या आज्ञा रिसीव्हर मानीत नाही. खुंटीचा फळा त्यामुळे अडगळीत गेला. आत स्फटिक आहेच, परंतु तो कायमचा डाग देऊन बसवलेला असतो आणि केवळ ताल धरण्याचे काम करतो.

तथापि जुना मोह नव्या वेषात परत आला आहे. लांब पल्ल्यासाठी कमी कंप्रतेचे जे जोडसंच मिळतात, त्यांत देश वा प्रदेश निवडण्याची सोय संगणक आज्ञावलीत असते. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये मोकळा झाला व पुढे तो ८६८ पर्यंत वाढवण्यात आला. अमेरिकेत मात्र याच कामासाठी ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. आपल्याकडे ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातून मोबाइल संच आपल्या मनोऱ्याशी बोलतात. म्हणजे एखाद्या विद्यार्थ्याने पडद्यावर अमेरिकेचा पर्याय निवडला, तर त्याचा ट्रान्समीटर ९०२ ते ९१५ या भागात आसपासच्या मोबाइल मनोऱ्यांच्या कानाशी गोंगाट करू लागेल. पेचकस लागला नाही, डाग द्यावा लागला नाही, डबा उपसावा लागला नाही. तरी घडले तेच, जे चुकीचा स्फटिक बसवल्याने घडले असते. किंबहुना अधिक वाईट, कारण डब्यावर निदान आकडा छापलेला असे.

उड्डाणाचे नियम हा याला जोडून येणारा दुसरा विषय. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला, तसेच दोन किलोपर्यंतच्या बिगर-व्यावसायिक वापराला, दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. शिक्षण, संशोधन वा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवावयाच्या २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृतीला प्रकार-प्रमाणपत्रातून सूट आहे. ही सूट हवाई नियमांची आहे. ती रेडिओच्या नियमांतून सुटका करीत नाही. यवतमाळ शहराजवळच्या विमानतळाचा परिसर असो की टिपेश्वरचे जंगल, उड्डाणापूर्वी हवाई क्षेत्राचा शासकीय नकाशा पाहणे आणि संबंधित परवानगी घेणे हेही स्वतंत्रपणे करावेच लागते. फवारणीचे मोठे ड्रोन या सुटीत बसत नाहीत. ते चालवणाऱ्यास प्रशिक्षण व प्रमाणपत्र आवश्यक असून, यंत्रालाही प्रकार-प्रमाणपत्र लागते. मान्यता मिळालेल्या नमुन्याचा रेडिओभाग गावातील दुरुस्तीच्या दुकानात बदलून घेणे म्हणजे ज्याची तपासणी झाली ते यंत्र बाजूला ठेवून न तपासलेले यंत्र दहा लिटर औषधासह पिकावर सोडणे होय.

ज्याला खरोखरच आत हात घालावयाचा आहे

काही मुलांना बाहेरची खाच पुरत नाही. स्फटिक का थरथरतो, वेटोळे किती फेऱ्यांचे असावे, नको त्या लहरी कशा गाळाव्यात, हे स्वतःच्या हाताने करून पाहिल्याशिवाय त्यांचे समाधान होत नाही. ही वृत्ती मोलाची आहे. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात बिनतारी लहरींनी दूरवरची घंटा वाजवून व दारू पेटवून दाखवली, ती स्वतः घडवलेल्या उपकरणांनीच; दूरनियंत्रणाच्या इतिहासात त्या प्रयोगाचा मान मोठा आहे. अशा मुलांसाठी कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे, ते म्हणजे हौशी रेडिओ केंद्राचा परवाना. १९७८ च्या हौशी सेवा नियमांखाली रूढ झालेल्या या व्यवस्थेत परीक्षा द्यावी लागते. तीत रेडिओचे प्राथमिक सिद्धान्त आणि नियम यांवर प्रश्न असतात आणि बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही ती देता येते. परवाना मिळालेल्या व्यक्तीला हौशी सेवेसाठी राखलेल्या पट्ट्यांत स्वतः बांधलेले वा बदललेले ट्रान्समीटर वापरता येतात. सत्तावीस मेगाहर्ट्झच्या अगदी शेजारी, २८ मेगाहर्ट्झपासून, असा एक पट्टा सुरू होतो. जुन्या संचातील पंचवीस-तीस सुटे भाग, एक कंप्रतामापक, अँटेनाऐवजी जोडावयाचा ५० ओहमचा रोधक आणि परवाना एवढ्या सामग्रीवर तेथे जे शिकता येते, ते दुकानातून आणलेल्या कोणत्याही पेटीत मिळत नाही. परीक्षेचे अर्ज व अभ्यासक्रम दूरसंचार विभागाकडून उपलब्ध होतात.